प्राण्यांची नावनिशी

मार्च २००६ मध्ये कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात एक वृद्ध कासव मरण पावले. त्याचे नाव अद्वैत. हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटांवर आढळणाऱ्या महाकाय कासवांच्या जातीचे ते होते आणि शंभराहून अधिक वर्षे त्याच उद्यानात त्याचा मुक्काम होता. एके काळी ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेत वावरत असे, असे परंपरेने सांगितले जाई. त्या हिशेबाने त्याचे वय अडीचशे वर्षांच्या घरात जात होते. त्याच्या मृत्यूची वार्ता देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकली. तथापि, या वयास आधार काय, असे विचारले असता निःशंकपणे पुढे करावा असा कागद कोणापाशीच नव्हता. ते कोणत्या वर्षी जन्मले, क्लाइव्हच्या बागेतील कासव ते हेच काय, या प्रश्नांचा निर्णय होईना. अखेर कवचाच्या तपासणीवरून वयाचा अंदाज बांधण्याची भाषा करावी लागली. एवढे प्रदीर्घ आयुष्य. पण विज्ञानाच्या दप्तरी ते आख्यायिका म्हणूनच राहिले.

याच उद्यानाच्या इतिहासात याच्या उलट असाही एक प्रसंग आहे. १८८९ मध्ये तेथे सुमात्रा बेटाच्या जातीच्या गेंड्याला एक पिल्लू झाले. त्या वेळी उद्यानाची व्यवस्था रामब्रह्म सान्याल यांच्याकडे होती. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय गृहस्थ. प्राण्यांचा आहार, आजार, माजाचा काळ, पिल्लांचा जन्म इत्यादी गोष्टी बारकाईने टिपण्याची त्यांना सवय होती आणि त्या निरीक्षणांच्या बळावर १८९२ मध्ये त्यांनी बंदिवासातील प्राण्यांच्या संगोपनाविषयी एक इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. पुढे अमेरिकेतील सिनसिनाटी येथे २००१ मध्ये त्याच जातीच्या गेंड्याचे पिल्लू जन्मले. बंदिवासातच गर्भधारणा होऊन असे पिल्लू जन्मास येण्याची ही ११२ वर्षांतील पहिलीच वेळ, असे शास्त्रज्ञांना त्या वेळी खात्रीने सांगता आले. कारण उघड आहे. आधीचा जन्म कोणीतरी लिहून ठेवला होता.

एकाच उद्यानातील या दोन प्राण्यांच्या कथांत प्राणिसंग्रहालयांच्या एका मोठ्या, परंतु प्रेक्षकांच्या दृष्टीस कधीही न पडणाऱ्या कार्याचे मर्म साठवलेले आहे. हे कार्य म्हणजे प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र ओळख पटवणे आणि त्याच्या आयुष्याची नोंद ठेवणे.

शिरगणती आणि नावनिशी

एखाद्या कुंपणात बारा चितळे आहेत, एवढे सांगणे ही झाली शिरगणती. वर्षाच्या अखेरीस पुन्हा मोजली आणि बाराच भरली, तर वरकरणी काहीच घडले नाही, असे वाटेल. परंतु मधल्या काळात तीन चितळे दगावली असतील आणि तीन पाडसे जन्मली असतील. दगावलेली तिन्ही एकाच मादीची संतती असेल, किंवा जन्मलेल्या तिन्ही पाडसांचा पिता एकच नर असेल. यांपैकी काहीही शिरगणतीतून कळत नाही. कोणते जनावर कोणाचे, कोणते केव्हा जन्मले, कोणते कशाने मेले, हे कळावयाचे तर प्रत्येकाची नावनिशी हवी.

म्हणून सुव्यवस्थित प्राणिसंग्रहालयात प्राणी आला, की प्रथम त्याला एक क्रमांक दिला जातो. रखवालदार त्याला राजा म्हणोत वा लक्ष्मी, दप्तरात तो त्या क्रमांकाने ओळखला जातो, कारण नावे पुन्हा पुन्हा ठेवली जातात आणि एका नावाचे दोन प्राणी सहज निघतात. तो मेला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्यास दिला जात नाही. क्रमांकाच्या पत्रकावर त्याचे शास्त्रीय नाव, लिंग, जन्मदिनांक, जन्मस्थान, मातापिता, तो कोठून व कोणत्या मार्गाने आला, यांची नोंद होते. त्यानंतर त्याचे वजन, आहारातील बदल, माज, मीलन, प्रसूती, आजार, औषधे आणि स्थलांतर यांची भर पडत जाते. पत्रकाची शेवटची ओळ त्याच्या मृत्यूची असते. तिच्यासोबत शवविच्छेदनाचा निष्कर्षही जोडला जातो.

या नोंदींची एक आटोपशीर सांकेतिक भाषाही जगभर रूढ झाली आहे. एखाद्या जातीपुढे ३.५.२ असे आकडे लिहिलेले असतील, तर त्याचा अर्थ तीन नर, पाच माद्या आणि लिंग निश्चित न झालेले दोन प्राणी असा होतो. तिसऱ्या आकड्याची ही सोय मोठी अर्थपूर्ण आहे. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणूनच लिहावे, हा नोंद ठेवण्याच्या शास्त्रातील पहिला नियम होय. अंदाजाने लिहिलेला जन्मदिनांक अंदाजाचा आहे, असे स्पष्ट नमूद केले, तर तो उपयोगी पडतो. तोच निश्चित म्हणून लिहिला, तर पुढील पिढ्यांतील प्रत्येक अभ्यासकाची दिशाभूल करतो.

रोजची नोंद ही रखवालदाराची कामगिरी असते. पशुवैद्य आजारी प्राण्याला पाहण्यास येतो; रखवालदार त्याला निरोगी असताना रोज पाहत असतो. बिबट्याच्या मादीने दोन दिवस मांस शिल्लक ठेवले, ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु मागच्या खेपेस विण्यापूर्वी तिने असेच अन्न टाकले होते, असे पत्रकावर आढळले, तर त्याच रात्री तिच्यासाठी आडोशाची, शांत जागा सिद्ध ठेवता येते. माणसाची आठवण त्याच्याबरोबर निवृत्त होते, वहीतील आठवण मागे राहते.

ओळख पटवावी कशी?

नोंद कितीही काटेकोर असली, तरी ती ज्या प्राण्याची आहे तो हाच, अशी खात्री नसेल तर ती व्यर्थ होय. म्हणून ओळख पटवण्याच्या नाना रीती प्रचारात आल्या आहेत.

काही प्राण्यांना निसर्गानेच ओळखपत्र दिलेले आहे. कोणत्याही दोन वाघांच्या अंगावरील पट्टे सारखे नसतात. वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टेही उजव्या कुशीवरील पट्ट्यांशी जुळत नाहीत. जिराफाचे ठिपके, झेब्र्याचे पट्टे, गोरिलाच्या नाकावरील वळ्या यांचाही असाच उपयोग होतो. इंग्लंडात स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांचा मोठा संग्रह उभारणारे पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून तेथील तळ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या ब्यूइक जातीच्या रानहंसांच्या चोचींवरील पिवळ्या व काळ्या रंगांची रचना चितारून ठेवण्यास आरंभ केला. दोन हंसांच्या चोची सारख्या नसतात, असे आढळल्यामुळे कोणता हंस कोणत्या जोडीदारासह परतला, हे वर्षानुवर्षे सांगता येऊ लागले.

परंतु चितळांचा कळप, पोपटांचा थवा किंवा बगळ्यांची वसाहत यांत असे भेद सहजी टिपता येत नाहीत. तेथे कृत्रिम खुणा कराव्या लागतात. हरणांच्या कानांच्या कडेला ठरावीक जागी लहान खाचा पाडतात. प्रत्येक जागेस एक आकडा नेमलेला असतो आणि त्यांच्या बेरजेने प्राण्याचा क्रमांक सिद्ध होतो. ओठाच्या आतील बाजूस किंवा मांडीच्या आत क्रमांक गोंदण्याचीही चाल आहे. पक्ष्यांच्या पायांत कडी घालतात. कित्येक ठिकाणी नराच्या एका पायात आणि मादीच्या दुसऱ्या पायात कडे घालण्याचा संकेत असतो. त्यामुळे दुरूनही लिंग कळते. बिनजोडाचे अखंड कडे पिल्लू काही दिवसांचे असतानाच त्याच्या कोवळ्या बोटांवरून चढवावे लागते. पाय वाढला, की ते निघत नाही आणि मोठ्या पक्ष्याच्या पायात ते घालताही येत नाही. म्हणून असे कडे असलेला पक्षी रानातून धरून आणलेला नसून पिंजऱ्यात जन्मलेला आहे, याचा तो एक पुरावाच ठरतो.

अलीकडच्या काही दशकांत या सर्व साधनांच्या जोडीला सूक्ष्मचकतीचे, म्हणजे मायक्रोचिपचे, साधन आले आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत ती बसवलेली असते आणि जाड सुईने कातडीखाली किंवा स्नायूत सोडली जाते. तिच्यात विद्युत्घट नसतो. वाचकयंत्र जवळ धरले, की त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींनी ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. या क्रमांकांबाबत १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके निश्चित झाली. त्यांनुसार क्रमांक पंधरा अंकी असतो. तथापि, हे साधनही सर्वगुणसंपन्न नाही. वाचकयंत्र अगदी जवळ न्यावे लागते, कुपी कधी मूळ जागेवरून सरकते, तर कधी निकामी होते. म्हणून अनुभवी व्यवस्थापक एकाच खुणेवर विसंबत नाहीत. कानातील खाच आणि कातडीखालची चकती अशा दोन खुणा परस्परांची साक्ष देतात.

मासे, कीटक किंवा वटवाघळांचे मोठे थवे यांच्या बाबतीत व्यक्तिशः ओळख बहुधा अशक्य असते. तेथे सबंध समूहाचीच एक नोंद ठेवतात. मात्र असा समूह कोठून आला आणि तो दुसऱ्या समूहात केव्हा मिसळला, हे लिहिणे तेथेही चुकत नाही.

वहीने वाचवलेली जात

वंशाची नोंद ठेवण्याची कल्पना भारतीय वाचकांस नवी वाटू नये. नाशिक, प्रयाग, गया, हरिद्वार इत्यादी तीर्थक्षेत्रींच्या उपाध्यायांच्या वह्यांतून घराण्यांच्या कित्येक पिढ्यांची नावे आजही सापडतात. घोडे, गाई व कुत्री यांच्या वंशावळीही फार पूर्वीपासून लिहिल्या जात. परंतु लोप पावू पाहणाऱ्या वन्य जातीसाठी अशी वही प्रथम सिद्ध झाली ती युरोपीय बायसनकरिता.

हा भारदस्त रानबैल आपल्याकडील गव्याचा दूरचा आप्त. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडच्या सीमेवरील बियावोव्येझाच्या अरण्यातील त्याचे कळप नष्ट झाले आणि १९२७ मध्ये काकेशस पर्वतातील अखेरचा मोकळा बायसनही मारला गेला. रानात हा प्राणी उरला नाही. जे काही थोडे होते, ते प्राणिसंग्रहालयांत आणि सरदार-जमीनदारांच्या राखीव बागांत. १९२३ मध्ये यान श्टोल्त्समन या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने या जातीच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या संस्थेने पहिले काम हाती घेतले ते नोंदीचे.

या कामाची निकड तशीच होती. कित्येक ठिकाणी युरोपीय बायसनचा अमेरिकी बायसनशी संकर झाला होता आणि संकरित जनावर दिसण्यावरून नेहमीच ओळखू येत नसे. म्हणून प्रत्येकाच्या आईबापांचा शोध घेण्यात आला. शुद्ध वंशाचे अवघे ५४ प्राणी भरले. त्यांत २९ नर होते आणि २५ माद्या. मागे मागे जाता हे सर्व केवळ बारा मूळ पूर्वजांची प्रजा असल्याचे दिसून आले. त्या बारांपैकी काकेशसच्या जातीचा वळू एकच होता. १९३२ मध्ये या वंशावळीची पहिली वही छापली गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा मोठी हानी झाली. युद्ध संपल्यावर वॉर्सा प्राणिसंग्रहालयाचे संचालक यान झाबिन्स्की यांनी विस्कटलेल्या नोंदी जुळवून १९४७ मध्ये ती वही पुन्हा प्रसिद्ध केली.

या वहीवरूनच कोणाची जोडी कोणाशी लावावयाची, हे ठरू लागले. १९५२ मध्ये बियावोव्येझाच्या अरण्यात बायसन पुन्हा मोकळे सोडण्यात आले. २०१९ मध्ये मोकळ्या रानातील त्यांची संख्या ६,२०० वर गेली होती. कागदावरील रेघांनी जनावरे जन्मास येत नाहीत, हे खरे. परंतु कोणते जनावर खरे आणि कोणते मिश्र, हे त्या रेघांवाचून कोणास कळले नसते आणि मूळची जात संकरात विरून गेली असती.

जवळच्या नात्याचे परिणाम

थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या कुळास एक भय सदैव असते. ते म्हणजे जवळच्या नात्यातील संबंधांचे. याचे प्रसिद्ध उदाहरण भारतातीलच आहे. १९५१ मध्ये रीवाच्या अरण्यात मोहन नावाचा पांढरा वाघ पकडण्यात आला. साधारण वाघिणीपासून त्याला नेहमीच्या रंगाचीच पिल्ले झाली. तेव्हा त्याचीच कन्या राधा हिच्याशी त्याची जोडी लावण्यात आली आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्ले जन्मली. त्यांपैकी मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात गेली. पांढरा रंग टिकवण्याच्या हौसेपायी पुढेही नात्यातील जोड्या लावल्या गेल्या.

अशा संबंधांनी संततीचे अहित होते, हे शेतकऱ्यांस पाळीव जनावरांबाबत ठाऊक होते. परंतु वन्य जातींना हा नियम लागू पडत नसावा, असे अनेक व्यवस्थापक समजत. या शंकेचे निरसन कोण्या नव्या प्रयोगाने झाले नाही. ते जुन्या पत्रकांनी झाले. त्याच वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील कॅथरीन रॉल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खुरी प्राण्यांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी काढून नात्यातील जोड्यांची पिल्ले आणि इतर जोड्यांची पिल्ले यांची तुलना केली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सोळा जातींचा हिशेब होता आणि त्यांपैकी पंधरा जातींत नात्यातील जोड्यांची पिल्ले लहानपणीच अधिक प्रमाणात दगावल्याचे आढळले.

ज्या रखवालदारांनी ती पत्रके भरली, त्यांना या अभ्यासाची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी केवळ आई कोण, बाप कोण आणि पिल्लू किती दिवस जगले, एवढे नेमाने लिहिले. पण जेथे बापाचा रकाना मोकळा राहिला असेल, तेथे त्या पिल्लाचे मरण कोणालाच काही शिकवू शकले नसते. या निष्कर्षानंतर प्राणिसंग्रहालयांनी आपसांत प्राण्यांची देवघेव करण्यावर आणि वंशावळ पाहून जोड्या लावण्यावर भर दिला. ज्या प्राण्याचे आप्त समूहात कमी, त्याची संतती अधिक मोलाची, हे तत्त्व आज सर्वत्र मानले जाते.

वंशावळीतील एक चूक

वही असली म्हणजे सर्व काही साधले, असे मात्र नव्हे. तिच्या पहिल्याच पानावर चूक असेल, तर पुढील पाने कितीही सुवाच्य असोत, ती चूकच पुढे नेतात. याचा धडा आशियाई सिंहाने दिला.

गीरच्या अरण्याबाहेर या सिंहाची दुसरी रानटी वसाहत नव्हती. म्हणून बंदिवासात एक राखीव कुळ वाढवावे, या हेतूने १९८१ मध्ये अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी एक योजना आखली. पाश्चात्त्य देशांतील ज्या सिंहांवर ती उभी होती, त्यांची संख्या दोनशेवर होती आणि त्यांची वंशावळ व्यवस्थित मांडलेली होती. १९८७ मध्ये स्टीफन ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सिंहांचे रक्त जुनागढच्या सक्करबागेतील, गीरच्या वंशाच्या सिंहांच्या रक्ताशी ताडून पाहिले. गीरच्या सिंहांत न आढळणारी आणि आफ्रिकी सिंहांत आढळणारी प्रथिने परदेशी सिंहांत दिसून आली. वंशावळ मागे तपासता पाच प्रमुख पूर्वजांपैकी दोन, एका जोडीतील नर आणि मादी, आफ्रिकी वंशाचे असल्याचे सिद्ध झाले.

त्या जोडीची संतती एव्हाना सर्व कुळात पसरली होती. वर्षानुवर्षांच्या श्रमांची ती योजना मोडून टाकावी लागली. पुढे सक्करबागेतून नेलेल्या सिंहांपासून युरोपात नव्याने आरंभ करण्यात आला. भारतातही काही ठिकाणी असा संकर झाला होता. तेथील सिंहांचे प्रजनन थांबवून त्यांना अखेरपर्यंत पोसावे लागले. सिंह तेच, त्यांची आयाळ तीच, पाहणाऱ्यांचे कौतुकही तेच. पण ज्या हेतूने त्यांना वाढवले, तो एका चुकीच्या ओळीमुळे फसला. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. रक्ताने चूक उघड केली, तरी ती कोणत्या दोन प्राण्यांपासून पसरली, हे शोधता आले ते वंशावळीमुळेच. जी वही चुकते, तीच नीट ठेवलेली असेल तर चुकीचा मागही दाखवते.

आजची व्यवस्था

प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागले, तेव्हा प्रत्येक संस्थेची वही वेगळी असून भागेना. अमेरिकेतील मिनेसोटा येथे यूलिसिस सील आणि डेल मेकी यांनी १९७४ च्या सुमारास अनेक प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी संगणकावर एकत्र ठेवण्याची योजना चालू केली. २०१६ पासून ती संस्था स्पीशीज ३६० या नावाने ओळखली जाते आणि जगातील हजाराहून अधिक संस्था तिच्या सामाईक नोंदपटात भर घालतात. प्राणी दुसऱ्या संग्रहालयात गेला, की त्याचे पूर्वायुष्यही त्याच्यामागोमाग तेथे पोहोचते.

भारतात १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची स्थापना झाली आणि नोंदी ठेवणे ही केवळ व्यवस्थापकाच्या आवडीची बाब न राहता कायद्याची बाब झाली. प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयास ३१ मार्च रोजी आपल्याकडे असलेल्या प्राण्यांची यादी प्राधिकरणास सादर करावी लागते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने प्राधिकरणासाठी अनेक दुर्मिळ जातींच्या राष्ट्रीय वंशावळी सिद्ध केल्या आहेत. अशा वंशावळीत मिळालेला क्रमांक प्राणी कोठेही गेला तरी बदलत नाही.

संगणक आला, चकती आली, रक्ताची परीक्षा आली. तरी या व्यवस्थेचे मूळ होते तेथेच आहे. पहाटे पिंजऱ्यासमोर उभा राहून आज काय दिसले ते त्याच दिवशी लिहिणाऱ्या माणसावर ती उभी आहे. आज एखाद्या प्राणिसंग्रहालयात अल्डाब्राच्या कासवाचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले, तर त्याच्या कातडीखाली चकती जाईल आणि त्याचा जन्मदिनांक, मातापिता व वजन पत्रकावर चढेल. ते शंभर वर्षे जगले, तर ती पहिली ओळ लिहिणारा हात तेव्हा हयात नसेल. परंतु त्या वेळी कोणी त्याचे वय विचारले, तर आख्यायिकेचा आधार घ्यावा लागणार नाही.